कोपरावरची पट्टी

१

गुरुवारी सकाळी निकाल आला आणि दुपार व्हायच्या आत विल्कुपे गावातल्या बेकरीच्या काचेवरून ल्युतौरासचं पोस्टर उतरलं. संध्याकाळी कुणीतरी त्याच्या गाडीच्या काचेवर चिकटपट्टीने इंजेक्शनची सुई लावून ठेवली. मार्च लागला होता, बर्फ वितळून रस्त्यांवर काळा चिखल झाला होता. ज्या माणसाला हे गाव ‘आमचा बुरूज’ म्हणायचं त्याच्या दारात आता कुणी थांबत नव्हतं.

या गावात रविवारच्या प्रार्थनेला दांडी मारणारे पुष्कळ सापडत. शनिवारच्या बास्केटबॉल सामन्याला दांडी मारणारा सापडणं कठीण. त्यामुळे ल्युतौरासच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेल्या हार्मोनचा अंश सापडला, ही बातमी लोकांनी घरातला माणूस चोर निघावा तशी ऐकली.

क्लबचे अध्यक्ष ओस्वाल्दास यांनी शुक्रवारी दांग्वोलेबाईंना बोलावून घेतलं. दांग्वोले काउनास शहराच्या पोलिसांत तपास अधिकारी होती. निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या गावी राहायला आली, नवरा गेला तरी राहिली. गुडघे दुखत असले तरी तिची सहाव्या रांगेतली खुर्ची कधी रिकामी दिसत नसे.

“पोराने काही घेतलेलं नाही, बाई,” ओस्वाल्दास म्हणाले. त्यांचा फर्निचरचा कारखाना होता, बोलताना टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवायची सवय होती. “हा कुणीतरी केलेला घात आहे. कुणी केला ते शोधा. महिनाअखेरीस सुनावणी आहे. घात सिद्ध झाला तर बंदी उठेल आणि बाद फेरीत तो मैदानावर असेल.”

“आणि नाही झाला तर?”

“चार वर्षं घरी. एकोणतिसाव्या वर्षी चार वर्षं म्हणजे संपलाच की तो. स्पेनचा क्लब त्याला घ्यायला तयार होता. अजूनही थांबलेत ते, पण उन्हाळ्यापर्यंतच.”

“त्याच्यावर खार कोण खाऊन आहे?”

ओस्वाल्दास हसले. “त्याच्या जागेवर आता जो खेळणार आहे त्याच्यापासून सुरुवात करा.”

२

ल्युतौरास स्वयंपाकघरात बसला होता. टेबल नेहमीचंच होतं, पण तो इतका उंच की त्याचे गुडघे टेबलाच्या वर आले होते. पडदे ओढलेले होते.

“कॉफी देतो,” तो म्हणाला आणि उठलाच नाही.

दांग्वोलेने त्याला सहाव्या रांगेतून वर्षानुवर्षं पाहिलं होतं, आधीची कथा गावाकडून ऐकली होती. शेतावरच्या कोठाराला ठोकलेल्या रिंगवर शिकलेला पोरगा. काउनासच्या दुसऱ्या फळीत गेला, जर्मनीत एक हंगाम बाकावर बसून काढला, पोलंडमध्ये नाक मोडून घेतलं, मग गावी परत येऊन या लहानशा क्लबला पहिल्या चारांत नेऊन बसवलं. देशाच्या संघात एकदाच निवडला गेला आणि त्याच आठवड्यात त्याचा घोटा मुरगळला. त्याची कारकीर्द अशी नेहमी दारापर्यंत जाऊन परत यायची. या वेळी दार उघडलं होतं.

“काय खाल्लंस, काय प्यायलास, सगळं सांग.”

“तेच सांगतोय सगळ्यांना. पाण्याची बाटलीसुद्धा मी स्वतः उघडतो. दुसऱ्याच्या हातची गोळी घेत नाही. डोकेदुखीचीही.” त्याने तळवे टेबलावर पालथे ठेवले. “बाई, मला दुसरं काही येत नाही. मी उंच आहे आणि मला चेंडू कुठे पडणार ते कळतं. एवढंच आहे माझ्याकडे.”

“कुणी वैरी?”

“मैदानात सगळेच. बाहेर कुणी नाही. नोयुसला मीच शिकवलंय पाय कसे टाकायचे ते. तो असं करणार नाही.”

“घरचं कोण?”

“विल्मा. माझी बहीण, विल्मांते. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. गवत कापता कापता कोसळले. आई त्याआधीच गेलेली. विल्मांतेनेच वाढवलं मला. ती माझ्याहून चांगली खेळायची, पण मला शाळेत सोडायला कुणी नव्हतं, म्हणून तिने खेळ सोडला आणि मी मोठा झाल्यावर ट्रक धरला.”

घरी आल्यावर दांग्वोलेने दोन फोन केले. पहिला काउनासच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मैत्रिणीला. मैत्रीण निकाल वाचून म्हणाली, “हे तोंडावाटे गेलेलं दिसत नाही. कातडीतून गेलंय, तेही चिमूटभर. इटलीत जखमेवर लावायचं एक मलम मिळतं, त्यात हेच असतं. याने ताकद वाढायची नाही, कुणाला काही इजाही व्हायची नाही. फक्त तपासणीत सापडेल.”

“म्हणजे त्याला कळलंही नसेल?”

“मलम म्हणून लावलं असेल तर कसं कळणार?”

दुसरा फोन तपासणी करणाऱ्या कार्यालयात. ल्युतौरासची सोमवारी तपासणी झाली ती निनावी फोन आल्यामुळे, हे तिला कळलं होतं. फोन घेणारा अधिकारी तरुण होता, मनमोकळा होता.

“आवाज बसलेला, तोंडावर कापड धरल्यासारखा. बाई की बुवा, नाही सांगता येणार. ‘विल्कुपेच्या पाच नंबरला सोमवारी तपासा’ एवढंच. रागावलेला वगैरे नव्हता.” तो थांबला. “एक मात्र विचित्र होतं. शेवटी विचारलं, तपासणीत रक्त फार काढतात का? त्याला त्रास तर होणार नाही ना?”

दांग्वोलेने फोन खाली ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही. घात करणारा माणूस अशी चौकशी कशाला करील?

३

क्लबचे डॉक्टर क्लेओपास म्हातारे होते, नीटनेटके होते. त्यांच्या खोलीत कापराच्या तेलाचा वास होता.

“त्या शनिवारी त्याला जखम झाली होती का कुठे?”

“कोपर फुटलं. समोरच्याचे दात लागले. सामना संपल्यावर मीच टाके घातले.”

“मलम?”

“मी मलम लावत नाही. स्वच्छ करतो, टाके घालतो, पांढरी पट्टी बांधतो. मंगळवारपर्यंत उघडू नको म्हणून सांगितलं होतं.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “पण त्याने उघडली असणार. मंगळवारी माझ्याकडे आला तेव्हा पट्टी तपकिरी होती. आपल्या दवाखान्यात तपकिरी पट्टी येतच नाही. मी काही बोललो नाही, जखम कोरडी होती.”

“हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं?”

“कुणी विचारलंच नाही. सगळे गोळ्याच शोधत होते.”

दांग्वोलेने मान हलवली. “बाकी तब्येत कशी आहे त्याची? या दोन-चार महिन्यांत?”

“हृदय ठणठणीत आहे त्याचं,” डॉक्टर म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. दांग्वोलेने तब्येत विचारली होती. हृदयाचं नाव तिने काढलं नव्हतं.

ती जिन्यावर होती तेवढ्यात ओस्वाल्दास यांचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदाने फाटला होता.

“मिळालं, बाई! मी खेळाडूंची कपाटं उघडायला लावली. तुम्ही म्हणालात ती इटालियन मलमाची ट्यूब! कुणाच्या कपाटात, सांगा बघू?”

४

नोयुस विशीतला होता. खुर्चीत बसला होता तरी उभ्या माणसाएवढा दिसत होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

“माझीच आहे ती. माझी मैत्रीण तिकडे व्हॉलीबॉल खेळते. नाताळात भेटायला गेलो तेव्हा गुडघा सोलला होता, तिने दिली. तिकडे म्हणे घराघरात असते ही.”

“मग लपवलीस कशाला?” ओस्वाल्दास गरजले.

“वर्तमानपत्रात हार्मोनचं नाव वाचलं, तेच ट्यूबवर होतं, आणि हातपाय गार पडले! टाकली असती तर कचऱ्यात सापडली असती. घरी नेली असती तर आई...”

“ल्युतौरास गेला आणि तुला जागा मिळाली. हे खरं ना?”

“जागा!” नोयुसने बाहीने नाक पुसलं. “तो गेल्यावरचा पहिलाच सामना हरलोय आम्ही. लोक मला शिट्या मारतात. तो शेजारी असला की मला खेळता येतं, एकटा असलो की मी नुसता खांब आहे. मला कशाला हवी होती असली जागा?”

दांग्वोले ट्यूबकडे बघत होती. तिने टोपण फिरवून काढलं आणि ट्यूब ओस्वाल्दास यांच्या डोळ्यांसमोर धरली.

“बघा. तोंडावरचा चंदेरी कागद अजून फाटलेला नाही. हिच्यातून थेंबसुद्धा बाहेर आलेला नाही. मुलाला घरी जाऊ द्या.”

ओस्वाल्दास यांचा चेहरा पडला. “म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?”

“नाही,” ती म्हणाली. “पहिल्यापासून आपण चुकीच्या बाजूला शोधत होतो.”

खाली उतरली तर फाटकाशी बाचाबाची चालू होती. गेल्या वर्षी प्रेक्षकांत मारामारी झाल्यापासून क्लबने धातू शोधणारी कमान बसवली होती. कमानीसमोर एक उंच, रुंद खांद्यांची बाई उभी होती. केस आखूड, अंगात शेतावरचं जाकीट.

“मी कमानीतून जाणार नाही,” ती पहारेकऱ्याला म्हणत होती. “खिसे तपास, पाहिजे तर बूट काढते. मला ती कमान आवडत नाही.”

“ताई, नियम आहे...”

“भावाचं सामान न्यायला आलेय मी, बाँब ठेवायला नाही. तुमच्याच लोकांनी बाहेर काढून ठेवलंय ना त्याचं खोकं?”

पहारेकरी वैतागून बाजूला झाला. बाई कमानीला वळसा घालून आत गेली आणि खोकं घेऊन तशीच वळसा घालून बाहेर आली. खोकं उजव्या काखेत होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने डाव्या हाताने खिशातून फोन काढला, डावा कान मोकळा असताना हात छातीवरून आडवा नेऊन फोन उजव्या कानाला लावला आणि मान वाकडी करून बोलत राहिली.

दांग्वोले खांबाआड उभी राहून बघत राहिली. तिचा नवरा शेवटची काही वर्षं असाच, नेमका असाच फोन धरायचा.

५

ल्युतौरासच्या घरी पडदे तसेच ओढलेले होते. या वेळी दांग्वोलेने स्वतःच किटली ठेवली.

“टाके शनिवारी पडले. सोमवारी तपासणी. मधला रविवार कुठे होतास?”

“विल्माच्या शेतावर. दर रविवारी जातो. बटाट्याचे गोळे केले होते तिने, खारवलेलं डुकराचं मांस भरून. मी सहा खाल्ले.”

“आणि पट्टी?”

“कुठली पट्टी?”

“कोपराची. पांढरी होती, तपकिरी झाली.”

तो विचारात पडला. खरोखर आठवू पाहत होता. “हां, गोळ्यांवरची साय सांडली पट्टीवर. विल्मानेच बदलली. तिच्याकडे ट्रकमधली औषधांची पेटी आहे अजून.” मग त्याने झटक्यात मान वर केली. “काय म्हणायचंय तुम्हाला?”

“अजून काहीच नाही. ट्रक कुठे न्यायची ती?”

“इटलीला. बारा वर्षं. मिलानोच्या पुढे कुठेतरी. फार आवडायचं तिला. मग दोन वर्षांपूर्वी एकदम सोडलं. पाठ दुखते म्हणाली.”

“पाठ दुखते आणि शेतावर एकटीच असते?”

“गडी कधी ठेवलाच नाही तिने. बटाट्याची पोती स्वतः उचलते.” जे त्याने इतके दिवस पाहिलं होतं ते आता त्याच्याच तोंडून त्याने ऐकलं होतं.

“ल्युतौरास, खेळताना कधी चक्कर आलीय तुला?”

“फेब्रुवारीत एकदा. डोळ्यांपुढे काळं झालं, रिंगच्या खांबाला धरून उभा राहिलो. कुणाला कळलं नाही. फक्त विल्माला सांगितलं.” त्याने मान हलवली. “पण हृदयाची तपासणी झालीय माझी. तिनेच मागे लागून करायला लावली होती हिवाळ्यात, वडील तसे गेले म्हणून. डॉक्टर क्लेओपास म्हणाले, घोड्यासारखं आहे.”

दांग्वोलेने कप खाली ठेवला. सगळे तुकडे जागच्या जागी बसले होते आणि तिला ते बसायला नको होते. तीस वर्षं तिने माणसांच्या मनातला द्वेष शोधून काढला होता. इथे तो सापडत नव्हता कारण तो नव्हताच.

“मी येईपर्यंत बहिणीला फोन करू नकोस,” ती म्हणाली.

६

शेतावर विल्मांते बियाण्याचे बटाटे निवडत होती. कोंब आलेले एका बाजूला, सडलेले दुसऱ्या. दांग्वोलेला पाहून तिने स्टूल पुढे सरकवलं आणि काम चालू ठेवलं.

“ओस्वाल्दासने पाठवलं?”

“पैसे तो देतोय. पाठवलं मला तुझ्या फोनने.”

डावा हात थांबला.

“मी सांगते, चुकलं तर थांबव,” दांग्वोले म्हणाली. “ज्याने हे केलं त्याच्याकडे इटालियन मलम होतं आणि रविवारी ल्युतौरासचं कोपर त्याच्या हातात होतं. असा माणूस एकच आहे. पण एवढ्यावर मी आले नसते, जुन्या पेटीतलं मलम चुकून लागू शकतं. मग तपासणी करा म्हणून फोन आला. तो चुकून येत नाही. आणि फोन करणारा विचारतो, त्याला त्रास तर होणार नाही ना. म्हणजे करणाऱ्याला त्याचं वाईट करायचं नव्हतं. फक्त त्याने खेळू नये एवढंच हवं होतं. का? तू कमानीतून जात नाहीस. डावखुरी असून फोन उजव्या कानाला धरतेस. बारा वर्षं चालवलेला ट्रक सोडलास आणि पोती मात्र उचलतेस. माझ्या नवऱ्याच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं होतं, विल्मांते. डाव्या बाजूला. फोन आणि तसली कमान त्यापासून लांब ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं; फोन डाव्या कानाला लावला की मी ओरडायचे त्याच्यावर. असं यंत्र बसवलेल्याला ट्रक चालवायला देत नाहीत.”

विल्मांतेने जाकिटाची चेन खाली ओढली, शर्टाची कॉलर बाजूला केली. कातडीखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता.

“मिलानोच्या पुढे गाडी थांबवून कॉफी घ्यायला उतरले आणि पडले,” ती म्हणाली. “काउनासला डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू झिजतो आणि तिथे चरबी भरते. घराण्यात असतं. बाप त्यानेच गेला असेल म्हणाले. आणि भाऊ असेल तर लगेच बघा, जितका पळेल तितका लवकर जाईल.”

“मग त्याला सांगितलंस?”

“वडिलांचं नाव पुढे करून तपासणी करायला लावली. क्लेओपास म्हणाला, ठणठणीत आहे. मी भेटायला गेले त्याला. माझ्याकडे बघेना. त्याच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघून बोलत होता. तेव्हाच कळलं मला. ल्युतीला म्हटलं, दुसरीकडे दाखव. तो म्हणाला, विल्मा, आता नको, स्पेनवाले बघतायत, उगाच बोभाटा होईल.”

“स्वतःचं का नाही सांगितलंस? छाती उघडून दाखवायची होतीस.”

विल्मांतेने हातातला बटाटा दोन्ही ढिगांत न टाकता मांडीवर ठेवला.

“दोनदा गेले होते सांगायला. पहिल्यांदा गेले त्याच दिवशी स्पेनचा फोन आलेला. मला उचलून गरागरा फिरवलं त्याने, ह्या एवढ्या बाईला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, खेळ नसेल तर मी काय करू, तुझ्यासारखं बटाटे निवडू? चेष्टेने म्हणाला. पण मला वाटलं, हा ऐकणार नाही. कळून खेळेल. आणि मग तो पडेल तेव्हा मी नुसती बघत असेन. फेब्रुवारीत त्याला अंधारी आली म्हणाला, त्यानंतर मला झोप नाही.” तिने दांग्वोलेकडे पाहिलं. “मलम पेटीत होतं. त्या देशात औषधवाले बजावून सांगायचे, घरात कुणी खेळाडू असेल तर हे नेऊ नका. बाई, मी त्याला मारत नव्हते.”

“नाव मारलंस त्याचं.”

“हो,” विल्मांते म्हणाली. “ते मारलं.”

७

डॉक्टर क्लेओपास यांना दांग्वोलेने एकच वाक्य विचारलं. “हिवाळ्यात तुम्हाला काय दिसलं होतं?” म्हाताऱ्याने दार लावून घेतलं आणि खुर्चीत न बसता जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. उजव्या बाजूचा स्नायू पातळ झालेला दिसला होता. त्यांनी ते ओस्वाल्दास यांच्या कानावर घातलं. ओस्वाल्दास म्हणाले, मे महिन्यापर्यंत जाऊ दे, मग स्पेनवाले काय ते बघतील. “मी म्हटलं, बरं,” क्लेओपास म्हणाले. “बरं म्हटलं मी.”

ओस्वाल्दास यांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकलं. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरत राहिला. “डॉक्टरचं वय झालंय, बाई. असं काही तो मला बोलल्याचं मला आठवत नाही. तुमच्याकडे काही पुरावा?”

पुरावा नव्हता. बंद खोलीत दोन माणसं बोलली होती.

ल्युतौरासला तिने शेतावर नेलं. हे मी सांगणार नाही, तुझ्या बहिणीच्या तोंडून ऐक, एवढंच गाडीत बोलली. विल्मांतेने सांगितलं. उभी राहून, काही न लपवता, शर्ट बाजूला करून. ल्युतौरासने टेबलावरची बशी उचलली, जणू फेकणार, आणि परत जागेवर ठेवली.

“सुई लावली होती माझ्या गाडीवर,” तो म्हणाला. “बेकरीवाली मला पाव देताना हात मागे घेते. पोरं ‘औषधवाला’ म्हणून ओरडतात. आणि तू इथे बसून माझ्यासाठी गोळे करत होतीस.”

“ल्युती...”

“मला सांगायचं होतंस! माझं मरण होतं ना ते? मग ते माझ्या हातात द्यायचं!”

“दिलं असतं तर काय केलं असतंस?”

त्याला उत्तर माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच कदाचित तो इतका भडकला होता.

पुढच्या आठवड्यात दांग्वोले त्याला काउनासला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “तुम्ही या हिवाळ्यात खेळलात त्यातला कुठलाही सामना शेवटचा ठरला असता. आता पळायचं नाही. बस पकडायलाही नाही.” ल्युतौरासने विचारलं, “चेंडू नुसता हातात धरला तर?” त्यांना आधी कळलंच नाही तो काय विचारतोय ते.

सुनावणी विल्न्युसला झाली. लांब टेबलामागे तीन माणसं होती. ओस्वाल्दास नवा सूट घालून आले होते. घात कुणी केला हे आज कळणार, म्हणून दाराशी पत्रकार जमले होते. विल्मांते शेवटच्या खुर्चीवर बसली होती, हातमोजे मुठीत धरून. आपण उठून सांगायचं हे तिने ठरवलेलं दिसत होतं, कारण ती दोनदा अर्धवट उठली आणि बसली.

ल्युतौरास तिच्याकडे न बघता उभा राहिला.

“मलम मीच लावलं,” तो म्हणाला. “रविवारी पट्टी भिजली. घरात जुनी ट्यूब होती. नाव न वाचता लावली. फोन कुणी केला ते मला माहीत नाही. आणि एक सांगायचं आहे. माझ्या हृदयात दोष आहे. हिवाळ्यातच तो क्लबच्या डॉक्टरांना दिसला होता आणि मला कुणी सांगितला नाही. मी यापुढे खेळणार नाही. तुम्ही बंदी ठेवा नाहीतर उठवा, मला सारखंच.”

मागून विल्मांतेच्या तोंडून आवाज फुटला. मधल्या माणसाने दांग्वोलेकडे पाहिलं. “तपास तुम्ही केलात. तुमचं काय म्हणणं?”

आयुष्यभर दांग्वोलेने अर्धवट अहवाल दिला नव्हता. ती उभी राहिली, गुडघे करकरले. “मलम कातडीतून गेलं, खेळात फायदा मिळवायला लावलेलं नव्हतं. याहून जास्त मी सिद्ध करू शकत नाही.” आणि ती बसली.

बंदी एका वर्षावर आली. डॉक्टर क्लेओपास यांचा परवाना गेला. ओस्वाल्दास यांचं काहीच गेलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढून डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा निषेध केला आणि बाद फेरीत आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. गावात अर्धे लोक म्हणाले, बिचारा. उरलेले म्हणाले, हृदयाचं निमित्त केलं, पकडला गेला म्हणून.

सुनावणीनंतर बाहेरच्या व्हरांड्यात ल्युतौरास कोट चढवत होता. विल्मांते त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. दोघंही इतके उंच की येणारेजाणारे बाजूने वाट काढत होते.

“माझ्यासाठी खोटं कशाला बोललास?” ती म्हणाली. “मी सांगणार होते. आता जन्मभर तुला लोक...”

“तुला तुरुंगात बघायला मला वेळ नाही,” तो म्हणाला. “छातीत यंत्र बसवून घ्यायचंय पुढच्या महिन्यात.”

“मी येते बरोबर.”

“नको.”

“ल्युती, मी फक्त तुला जिवंत...”

“जिवंत ठेवलंस,” तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण व्हरांड्यातले लोक थांबले. “ते मान्य आहे मला. पण ज्याला ठेवलंस ना, विल्मा, त्याला मी ओळखत नाही अजून. तो कोण आहे ते कळलं की येईन. तोवर येऊ नकोस.”

त्याने बटणं लावली आणि तो जिना उतरून गेला. विल्मांते जिथे होती तिथेच उभी राहिली. खालचं मोठं दार उघडून बंद झाल्याचा आवाज वर आला.

दांग्वोलेने तिच्या हातातले हातमोजे घेतले, उलगडले आणि एकेक करून तिच्या हातात चढवले. “चल,” ती म्हणाली. “गाडी लांब लावलीय मी.”